वेगळ्या प्रांताच्या, धर्माच्या आणि वयाच्या शेजाऱ्यांशी मैत्री कशी जोडावी

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना शेजार मुद्दाम जोडावा लागतो ही कल्पनाच नवी वाटेल. तालमीच्या कट्ट्यावर, नळाच्या रांगेत आणि गल्लीच्या गणपतीत माणसे आपोआप एकमेकांच्या ओळखीची होत असत, आणि कोणाच्या घरी पाहुणे आले आहेत हे चार घरे पलीकडेही ठाऊक असे. शहर आता उचगाव, उजळाईवाडी, पाचगाव, फुलेवाडी असे चहूबाजूंनी वाढले आहे आणि नव्या इमारतींतला शेजार निराळा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फौंड्र्यांमध्ये काम करणारे बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशातील कामगार, गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, दागिने घडवणारे बंगाली कारागीर, इमारतींची राखण करणारी नेपाळी कुटुंबे, सीमाभागातून आलेली कन्नड बोलणारी घरे आणि दूरच्या राज्यांतून शिकायला आलेले विद्यार्थी हे सर्व आज कोल्हापूरचे रहिवासी आहेत. त्यांच्याच जिन्यावर, मुले पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झाल्यामुळे एकटे राहणारे वृद्धही आहेत. ही माणसे एकमेकांशी वैर धरत नाहीत, पण एकमेकांची नावेही त्यांना माहीत नसतात.

हे अंतर कमी करण्याचे जे उपाय मला उपयोगी वाटतात ते येथे मांडले आहेत. त्यांतला मुख्य उपाय सुरुवातीलाच सांगतो. वेगळ्या समाजातल्या किंवा वेगळ्या पिढीतल्या शेजाऱ्याला काही देण्याआधी त्याच्याकडे काही मागावे, आणि तो जे देईल ते त्याच्या घरी बसून, त्याच्या भांड्यातून घ्यावे. मदत करणारा आणि मदत घेणारा अशी वाटणी एकदा पक्की झाली की त्या नात्यात उपकाराची भावना राहते आणि मैत्रीला जागा उरत नाही.

पहिली ओळख

नव्या शेजाऱ्याच्या दारावरची बेल वाजवून एकदम आत जाण्यापेक्षा, जिथे दोघांनाही चार मिनिटे थांबावेच लागते अशी जागा निवडावी. सकाळी घंटागाडीची वाट पाहताना, पाणी आले की नाही हे पाहायला टाकीजवळ गेल्यावर, गाडी पुसताना किंवा गॅसचे सिलिंडर उतरवून घेताना बोलणे सहज निघते. कारखान्यातल्या माणसाच्या बाबतीत त्याची पाळी कोणती आहे हे आधी समजून घ्यावे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार दुपारपर्यंत झोपलेला असतो. अशा वेळी जिन्यात मुलांचा दंगा आवरणे किंवा मिक्सर थोडा उशिरा लावणे ही त्याच्याशी मैत्रीची पहिली पायरी आहे, जरी त्याला ते कधी कळले नाही तरी.

नाव विचारावे, नीट ऐकू आले नाही तर पुन्हा विचारावे आणि घरी येऊन लिहून ठेवावे. उत्तरेकडच्या प्रत्येक माणसाला एकच हाक मारण्याची आपल्याकडची सवय त्या माणसाला बोचते, पण तो तसे सांगत नाही. त्याचे नाव घेऊन पुढे भाऊ, काका, वहिनी असे आपले नाते लावले की त्याला एका शब्दात घरचे केल्यासारखे होते, आणि मुलांनाही तीच हाक शिकवता येते.

पहिल्या भेटीत काही प्रश्न टाळलेच पाहिजेत. आडनावावरून जातीचा अंदाज घेणे, आणि तो नीट बांधता आला नाही तर गाव, भावकी, कुलदैवत असे फिरून फिरून विचारत राहणे ही आपल्या समाजातली जुनी खोड आहे. समोरच्याला त्या प्रश्नांमागचा हेतू पहिल्या वाक्यातच समजतो, कारण त्याने तो आयुष्यभर ऐकलेला असतो. घरभाडे किती, पगार किती, लग्न अजून का झाले नाही, हेही प्रश्न तसेच. त्याऐवजी कोल्हापुरात येऊन किती दिवस झाले, भाजी कुठून आणता, मुलांना कोणत्या शाळेत घातले, असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे पुढच्या भेटीला विषय देतात आणि कधीकधी आपल्याला खरोखर मदतही करता येते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे आवश्यक असते. आपण कोल्हापूरकर मोठ्या आवाजात बोलतो आणि जवळीक वाटली की लगेच अरे-तुरेवर येतो. आपल्याला तो जिव्हाळा वाटतो, परंतु लखनौकडच्या किंवा बंगालमधल्या माणसाला हा मनुष्य आपल्यावर का ओरडतो आहे असे वाटून तो मागे सरतो. सुरुवातीचे काही दिवस ‘तुम्ही’ म्हणावे आणि आवाज थोडा खाली ठेवावा. तो स्वतः चेष्टा करू लागला की मग आपली नेहमीची भाषा सुरू करायला हरकत नाही.

आधी मागावे

मागायची वस्तू छोटी असावी, नाकारायला सोपी असावी आणि खरोखर गरजेची असावी. दुधाला विरजण, माळ्यावर चढायला शिडी, नळ घट्ट करायला पाना, दोन दिवस गावाला जाताना कुंड्यांना पाणी, आपण घरी नसताना आलेले कुरिअर ठेवून घेणे, एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. ज्याच्याकडे आजवर सगळ्यांनी संशयाने पाहिले आहे, अशा माणसाकडे घराची किल्ली एका दुपारपुरती ठेवायला दिली तर त्याचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हे पुढच्या वेळी त्याच्या नमस्कारातून दिसते.

त्याच्या कौशल्याविषयी विचारणे हा यापुढचा टप्पा होय. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला लोखंडाबद्दल आणि गुजरीतल्या कारागिराला नथीच्या फिरकीबद्दल जे कळते ते आपल्याला कळत नाही. मात्र सल्ला विचारणे वेगळे आणि फुकट काम करून घेणे वेगळे. ज्या कामावर त्याचे पोट चालते, ते काम त्याच्याकडून करून घ्यायचे असेल तर त्याची मजुरी विचारून, घासाघीस न करता द्यावी. शेजार म्हणून सुटीच्या दिवशी फाटकाचे वेल्डिंग करून घेणे आणि बदल्यात चहा पाजणे याला मैत्री म्हणता येत नाही.

मागण्याचे आणि घेण्याचे महत्त्व कोल्हापूरला बाहेरून कोणी शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना हातभार लावला, १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांची आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृहाच्या रूपाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय झाली. हे सर्व देणे होते आणि ते फार मोठे होते. पण गंगाराम कांबळे यांची गोष्ट वेगळी आहे. संस्थानच्या नोकरीत असताना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण सोसलेल्या या माणसाला महाराजांनी स्वतंत्र धंदा करण्यासाठी पाठबळ दिले आणि त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. भांडवल मिळाले, तरी अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून तेथला चहा मागून पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. दुकान काढून देणारा राजा आणि दुकानातला चहा मागून पिणारा राजा यांत जो फरक आहे, तोच शेजाऱ्याला फराळाचे ताट पाठवणारा आणि त्याच्या स्वयंपाकघरात बसून जेवणारा यांत आहे, असे मला वाटते.

या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली, तरी घरकामाला येणाऱ्या बाईसाठी, वॉचमनसाठी किंवा विशिष्ट समाजातल्या पाहुण्यांसाठी वेगळा कप खिडकीत ठेवणारी घरे आजही आपल्या शहरात आहेत. ज्याला ही वाट चालायची आहे त्याने तो कप आधी टाकून द्यावा. तो तिथे असेपर्यंत बाकीचे सर्व उपाय व्यर्थ आहेत, कारण ज्याच्यासाठी तो ठेवला आहे त्याला तो नेमका कोणता हे पहिल्या दिवसापासून माहीत असते.

डब्याची देवाणघेवाण

आपल्याकडे लग्नाच्या रुखवतातल्या भांड्यांवर आणि दुकानातून घेतलेल्या स्टीलच्या डब्यांवर नाव कोरून घेण्याची पद्धत आहे. बारीक ठिपक्यांनी कोरलेले नाव आणि तारीख यांमुळे डबा कितीही घरे फिरला तरी शेवटी परत येतो. शेजाऱ्याला पदार्थ पाठवताना प्लास्टिकच्या टाकाऊ डब्यातून न पाठवता अशाच डब्यातून पाठवावा. तो परत करायला त्याला आपल्या दारात यावे लागते आणि मोकळे भांडे परत करायचे नाही ही रीत बिहारपासून बंगालपर्यंत बहुतेक घरांना ठाऊक असते. आपण शेंगदाण्याची चटणी पाठवावी, त्यांनी त्याच डब्यात ठेकुआ हा त्यांच्याकडचा गोड पदार्थ घालून आणावा, आणि मग तो कसा करतात हे विचारण्यासाठी आपण त्यांच्या घरी जावे, असा हा क्रम आहे. त्या घरी खुर्ची पुढे केली तर बसावे, समोर ठेवलेले खावे आणि ‘नुकतेच जेवून आलो’ हे वाक्य टाळावे. ज्या घरांचे पाणी पूर्वापार नाकारले गेले आहे, तेथे हे वाक्य भुकेशी जोडले जात नाही.

पाठवण्याआधी समोरच्याचे पथ्य मात्र विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा काही नाही; अंदाजाने पाठवलेला पदार्थ त्यांना गुपचूप दुसऱ्याला द्यावा लागला तर दोन्ही घरांना संकोच होतो. अनेक जैन घरांत कांदा, लसूण आणि बटाटा चालत नाही, चातुर्मासात नियम अधिक कडक असतात आणि काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणून कोल्हापूरची भडंग, जी आपण निर्धास्तपणे कोणालाही देतो, ती लसणामुळे तिथे उपयोगाची नाही. मुस्लिम शेजाऱ्यांकडे मांसाचा पदार्थ पाठवायचा असेल तर ते हलाल आहे की नाही हे त्यांना सांगावे, आणि रमजानमध्ये फळे पाठवायची असतील तर रोजा सुटण्याच्या आधी पोहोचतील अशी पाठवावीत. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्याच खेपेला तांबड्या रश्श्याचा आपला नेहमीचा तिखटपणा देऊ नये. पांढऱ्या रश्श्याने सुरुवात करावी आणि कांदा-लसूण मसाल्याशी ओळख हळूहळू करून द्यावी. शंका असेल तेव्हा गूळ, भाजलेल्या शेंगा आणि फळे हे बहुतेकांना चालते.

वासाच्या तक्रारी हा इमारतींमधला नाजूक विषय आहे. मोहरीच्या तेलातल्या माशांचा वास आपल्याला उग्र वाटतो, तसा आपल्या सुक्या बोंबलांचा आणि लसणाच्या फोडणीचा वास इतरांना वाटत असतो. सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला आणि बोट एकाच घराकडे दाखवले जाऊ लागले, तर तिथेच उभे राहून आपल्याही स्वयंपाकघराचा उल्लेख करावा.

वयाचे अंतर

जाती-धर्माच्या अंतराबद्दल निदान बोलले तरी जाते. वयाच्या अंतराकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते शहरातले सर्वांत मोठे एकटेपण तिथेच साचले आहे. तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या आजी दिवसभर दूरदर्शनसमोर बसून आहेत आणि त्यांच्या समोरच्या घरात चार विद्यार्थी डब्याच्या बेचव जेवणाला कंटाळले आहेत. दोघांकडे एकमेकांना हवे असलेले काहीतरी आहे, पण मध्ये एक बंद दार आहे.

तरुणांनी सुरुवात करायची असेल तर मोबाइल हा चांगला निमित्त होतो, परंतु पद्धत सांभाळली पाहिजे. बहुतेक सरकारी निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि आता तो जीवन प्रमाण या सरकारी ॲपवर चेहरा दाखवूनही देता येतो. हे काम आजोबांसाठी करून देण्याऐवजी आजोबांबरोबर करावे. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. आधार क्रमांक त्यांनी स्वतः, आपल्या बोटाने, लागेल तेवढा वेळ घेऊन भरावा. ओटीपी आला की तो मोठ्याने वाचू नये आणि तो आपल्यालाही सांगू नका असे आपणच त्यांना बजावावे. चेहरा टिपताना प्रकाश समोरून हवा, म्हणून त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवावे, आणि डोळ्यांची उघडझाप करा असे सांगितल्यावर ते गडबडले तर घाई करू नये. हातातून फोन काढून घेऊन झरझर बोटे चालवणाऱ्या नातवाने त्यांना आजवर पुष्कळ वेळा गप्प बसवले आहे; शेजाऱ्याने तरी तसे करू नये. दाखला सादर झाल्यावर लगेच उठू नये, कारण खरी भेट त्यानंतरच्या चहाला सुरू होते.

मग त्यांना विचारावे, आणि इथेही मागण्याचाच नियम लागू आहे. खासबाग मैदानात पाहिलेली कुस्ती, रंकाळ्याचा जुना काठ, गिरण्या-कारखान्यांतले दिवस, चुलीलगतच्या वैलीवर तीन तास शिजणारे मटण, यांपैकी कशाविषयी ते रंगून बोलतात हे एक-दोन भेटींत लक्षात येते. केवळ ऐकून घेण्याऐवजी त्यांच्याकडून काही शिकायला मागितले तर नाते समपातळीवर येते: पुरणाची पोळी न फाटता कशी लाटावी, भाजी घेताना ताजी कशी ओळखावी, मोडी वाचता येत असेल तर जुने कागद कसे लावावेत. बिहारहून आलेल्या तरुण सुनेला मराठी शिकवण्यासाठी निवृत्त शिक्षिकेइतके योग्य माणूस इमारतीत दुसरे कोणी नसते आणि त्या शिक्षिकेलाही पुन्हा कोणीतरी ‘बाई’ म्हणणारे मिळते.

ज्येष्ठांनी तरुणांशी वागताना एकच पथ्य पाळावे, ते म्हणजे न विचारलेला सल्ला देऊ नये. मुलीने किती वाजता घरी यावे, काय घालावे, मित्र कोण असावेत, यांवर पहिल्या महिन्यात मत दिले की ती मुले जिना बदलतात. त्याऐवजी ती आजारी पडली तर मऊ भात मिळेल एवढे त्यांना माहीत असू द्यावे. त्यांच्या परीक्षेच्या तारखा विचारून ठेवाव्यात आणि निकालाच्या दिवशी आठवणीने चौकशी करावी.

एकट्या वृद्ध शेजाऱ्याशी विश्वासाचे नाते तयार झाल्यावर, त्यांच्या मुलांचे दूरध्वनी क्रमांक, चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांचे नाव एका कागदावर लिहून तो दोन्ही घरांत ठेवावा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आणि तातडीचा क्रमांक ११२ हे त्याच कागदावर ठळक अक्षरांत लिहावेत. परगावी असलेल्या मुलांशीही एकदा बोलून घ्यावे, नाहीतर आपल्या आई-वडिलांच्या घरात हा परका माणूस का येतो अशी शंका त्यांना येते आणि ती शंका गैरही नसते.

रंग आणि चेहरेपट्टी

कोल्हापूरच्या फुटबॉलला पेठापेठांतल्या संघांच्या चुरशीचा मोठा इतिहास आहे आणि गेल्या काही वर्षांत स्थानिक संघांकडून आफ्रिकी देशांतले खेळाडूही शाहू स्टेडियमवर खेळून गेले आहेत. मैदानात त्यांच्या गोलवर टाळ्या वाजवणारे हात, ते रस्त्यावरून जाताना मात्र मोबाइल उचलून त्यांचे फोटो काढतात. ईशान्य भारतातल्या मुलामुलींना तर स्वतःच्याच देशात तुम्ही कोणत्या देशाचे असे विचारले जाते. अशा माणसाच्या शेजारी राहायची संधी मिळाली तर त्याच्या रंगावर, केसांवर, डोळ्यांवर कौतुकानेसुद्धा बोलू नये, लहान मुलांना केसांना हात लावू देऊ नये आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आपल्या घरातली गोऱ्या रंगाची हौस, सुनेच्या आणि नातीच्या रंगाविषयीची मुलांसमोर होणारी बोलणी, ही याच प्रश्नाची मुळे आहेत; ती घरात थांबली तर मुले बाहेर कोणाला नावे ठेवत नाहीत.

फुटबॉलचा सामना हा अशा शेजाऱ्याबरोबर जाण्याचा उत्तम कार्यक्रम आहे. भाषा तुटकमुटक असली तरी चालते, आजोबा आणि नातू दोघेही बरोबर येतात, आणि आपला संघ कोणता हे एकदा ठरले की तो माणूस त्या पेठेचा होऊन जातो.

सण

सणांची आमंत्रणे देताना आपण नकळत कोणाला वगळतो हे तपासावे. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला जिन्यातल्या विधवा काकू, मुस्लिम वहिनी आणि अविवाहित मुली यांना टाळून तिळगूळ वाटणाऱ्या घरांची संख्या आजही कमी नाही. आमंत्रण सर्वांना द्यावे, वाण सर्वांना सारखे द्यावे, आणि कुंकू लावायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.

एकत्र सण साजरे करणे या शहराला नवे नाही. कोल्हापुरात मोहरमच्या पंजांना हिंदू घरांतूनही मान दिला जातो. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले, तेव्हा बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसले. आणि जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये मशिदीत गणपती बसवण्याची परंपरा आहे. नव्या शेजाऱ्याला हे सांगावे आणि दाखवायला घेऊन जावे. त्याच्या सणालाही तितकीच जागा द्यावी. बिहारी घरात कार्तिक शुद्ध षष्ठीला छठ असते. त्या उपवासाच्या दिवसांत त्यांच्या मुलांना आपल्याकडे जेवायला ठेवून घेतले तर घरच्या बाईला मोठा आधार होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्रिपुरारी पौर्णिमा येते, तेव्हा पंचगंगेच्या घाटावरच्या दीपोत्सवाला त्या कुटुंबाला बरोबर न्यावे.

वर्गणीचे मात्र जपून करावे. भाडेकरू किंवा परप्रांतीय म्हणून जास्त रकमेची पावती फाडणे ही सक्तीच असते, मग ती कितीही हसतखेळत केलेली असो. त्यांना वर्गणीआधी काम द्यावे, आरतीचे ताट द्यावे आणि मंडळाच्या बैठकीत बसवावे.

पाणी वाढते तेव्हा

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ऐकताच पुढचा अंदाज येतो. नव्या माणसाला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे हे कोणी सांगितलेले नसते, बातम्या मराठीत असतात आणि पाणी कोणत्या गल्लीतून आधी शिरते हे फक्त जुन्या रहिवाशाला माहीत असते. म्हणून जुलै उजाडण्यापूर्वीच नदीकाठच्या भागात राहणाऱ्या प्रत्येक नव्या शेजाऱ्याकडे जाऊन, गेल्या वेळी पाणी कुठपर्यंत आले होते ती भिंतीवरची खूण त्याला दाखवावी. कागदपत्रे, गॅस आणि दुचाकी कधी व कुठे हलवायची, निवारा कोणत्या शाळेत किंवा मठात असतो आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तर काय काय तुटते हे समजावून सांगावे. आपल्या नातेवाइकांना पातळीचा निरोप धाडताना तोच निरोप त्यालाही हिंदीत धाडावा. वृद्ध शेजाऱ्यांना कोण उचलून खाली आणणार, हेही तरुणांबरोबर बसून आधीच ठरवावे, कारण रात्री दोन वाजता लाइट गेल्यावर ते ठरवता येत नाही. पूर ओसरल्यावर चिखल काढायला मात्र त्यांना हक्काने बोलवावे, आणि त्यांच्या घरातला काढायला न बोलावता जावे.

तणावाच्या दिवसांत

जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दंगलसदृश स्थिती निर्माण झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. अशा दिवसांत शेजाऱ्याशी बोलणे दोन्ही बाजूंना अवघड वाटते आणि नेमके तेव्हाच बोलले पाहिजे. फोन लावून घरात सर्व जण पोहोचले का, दूध-औषध काही हवे का, एवढेच विचारावे. राजकारणावर मत मागू नये, आणि त्यांच्या समाजातल्या कोणी जे केले त्याचा खुलासा तर मुळीच मागू नये. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटात चिथावणीचा मजकूर आला तर गटातच, सभ्य शब्दांत, तो काढून टाकायला सांगावे. खासगीत दिलगिरी आणि गटात मौन, यामुळे त्या एकट्या घराला आपले कोणी नाही असेच वाटत राहते. शक्य असेल तर त्या संध्याकाळी त्यांच्या दारात, सर्वांना दिसेल असे, खुर्ची टाकून बसावे.

विरोध, नकार आणि निरोप

आपल्याच घरातून विरोध होईल, विशेषतः जेवणाखाण्याच्या बाबतीत. घरातल्या ज्येष्ठांशी वाद घालून त्यांचे मत बदलत नाही. ओळखीने बदलण्याची शक्यता असते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वरच्या मजल्यावरच्या मुस्लिम परिचारिकेने सांगितलेला व्यायाम उपयोगी पडला की पुढचे संभाषण त्या दोघींचे असते. तोवर आपण स्वतः जावे, खावे आणि ते घरी लपवू नये.

समोरच्याला मैत्री नको असेल तर तीही गोष्ट मान्य करावी. बारा तास काम करून आलेल्या माणसाला गप्पा नको असतात, एखाद्याला पूर्वीचा कडू अनुभव असतो आणि एखादा मुळातच अबोल असतो. नमस्कार चालू ठेवावा आणि डबा थांबवावा. आपले बोलणे लागले असे कळले तर लांबलचक स्पष्टीकरण न देता माफी मागावी आणि ती गोष्ट पुन्हा करू नये.

भाड्याने राहणाऱ्या शेजाऱ्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, आणि तो संपत आला की परप्रांतीय, मुस्लिम, दलित किंवा एकट्या राहणाऱ्या तरुण भाडेकरूला या शहरात पुढचे घर मिळणे कठीण जाते. जागा रिकामी असते, पण आडनाव ऐकल्यावर ती दिली गेलेली असते. अशा वेळी त्याच्याबरोबर घर बघायला स्वतः जावे, नव्या मालकाला आपला क्रमांक द्यावा आणि मालकाचा फोन आला तर हा माणूस आपल्या जिन्यावर किती दिवस राहिला, लाइटचे बिल वेळेवर भरत होता की नाही आणि पुराच्या वेळी त्याने काय केले, हे सविस्तर सांगावे.